पहिला मीटर, शेवटचा मीटर

कापडाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, मी एकतीस वर्षं काढली. आता कारखाना नाही. तिथे गाड्या लावायची जागा झालीय, असं ऐकते. पण अजूनही कुणी पडद्याचं नवं कापड दाखवायला आणलं की माझी बोटं आधी त्याच्या काठावरून फिरतात. सून म्हणते, "आई, कापड बघा हो, झडती घेऊ नका."

आमचं खातं म्हणजे एक लांबच लांब खोली. एका बाजूला उंच खिडक्या, मधे आठ टेबलं. टेबलांना वर काच आणि काचेखाली दिवा. एका रुळावरून कापड सुटायचं, काचेवरून सरकत दुसऱ्या रुळावर जायचं आणि आम्ही उभ्यानं त्याच्यावर नजर ठेवायची. कुठे गाठ, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की पायानं पट्टी दाबून कापड थांबवायचं आणि काठाला लाल दोरा बांधायचा. बस. तो दोष चालण्यासारखा आहे की नाही, हे ठरवणं आमचं काम नव्हतं. दोरा दिसला की पुढचे लोक बघून घ्यायचे.

दर दोन तासांनी घंटा व्हायची. घंटा झाली की सगळ्यांनी एकेक टेबल पुढे सरकायचं. नव्या मुलींना वाटायचं, पाय मोकळे व्हावेत म्हणून ही सोय आहे. तसं नव्हतं. डोळा सरावतो. एकच दोष तासन् तास नजरेखालून गेला की डोळ्याला तो कापडाचाच भाग वाटायला लागतो. मग तो समोर असूनही दिसत नाही.

हे मला इतकं पाठ होतं की मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि ज्या वर्षी ते मला स्वतःला लागू करायचं होतं, त्या वर्षी मी साफ विसरले.

सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. पाळी एकदा एकोणीस दिवसांत यायची, मग दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही. अंगातून अचानक वाफ निघाल्यासारखं व्हायचं. कपाळ, मान, पाठ ओलीचिंब. मी टेबल सोडून खिडकीशी जाऊन उभी राहायचे. शेजारच्या टेबलावर आमच्या खात्यातली सगळ्यात बडबडी बाई. तिला सगळे रेडिओ म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. ती ओरडायची, "अगं, तापली आहेस तर तुझ्यावर चहाचं आधण ठेवू का?" आठही टेबलं हसायची. मीही हसायचे. तिची माझ्या आधी दोन वर्षं हीच अवस्था झाली होती, तिला अधिकार होता.

पण एक गोष्ट मी रेडिओलाही सांगितली नव्हती. मला खाज सुटायची. अगदी खाली, तिथे. आठ तास उभ्यानं काम, समोर सुपरवायझरबाई, आजूबाजूला माणसं. सांगायची सोय नाही आणि खाजवायचीही नाही. मी एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकत राहायचे. साबण बदलून पाहिला. आतले कपडे बदलून सुती आणले, ते दोनदा धुवायला लागले. शेवटी औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार पुरुष, मागे रांग. मी म्हटलं, "मांडीला नायटा झालाय." त्यानं नायट्याचं मलम दिलं. ते मी सहा आठवडे नियमानं लावलं. नायटा नसलेल्या जागी नायट्याचं मलम. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

मग अक्काला विचारलं. अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच माझी वेणी घातली, तिनंच पहिल्या पाळीत कपडा कसा घ्यायचा ते शिकवलं. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "या वयात होतं. सगळं सुकतं बाई आपलं. मला सहा वर्षं आहे. मेले का मी?"

"पण डॉक्टरला..."

"काय सांगणार डॉक्टरला? आणि काय दाखवणार? गप बस."

मी गप्प बसले.

त्याच सुमारास कारखान्यात एक नर्स व्याख्यान द्यायला आली. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीनंतर थांबवून घेतलं होतं. तिनं छातीची तपासणी कशी करायची ते सांगितलं, तोवर सगळ्या नीट ऐकत होत्या. मग ती म्हणाली, "आणि हातात आरसा घेऊन खालची जागाही बघायला शिका. आपला चेहरा दिवसातून दहा वेळा बघता ना? तिथला रंग बदलला, पांढरा चट्टा दिसला, गाठ लागली, जखम भरत नसली, तर आपल्याला कळायला हवं. आधी नीट असताना कसं दिसतं तेच ठाऊक नसेल, तर बिघडलेलं कसं ओळखणार?"

सगळ्या एकमेकींच्या पदरात तोंडं खुपसून हसायला लागल्या. रेडिओनं हात वर केला. "नर्सबाई, तिकडे उजेड कुठून आणायचा?"

"टॉर्च," नर्स शांतपणे म्हणाली.

"आणि टॉर्च कुणी धरायचा? नवऱ्यानं?"

त्या हशात व्याख्यान संपलं. पण माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. तीन मुलं झाली होती मला. सत्तेचाळीस वर्षांत हजारो मैल कापड बघितलं होतं. आणि स्वतःची ती जागा मी एकदाही पाहिली नव्हती.

रविवारी हे मित्राकडे गेले तेव्हा मी यांचा दाढीचा आरसा घेतला, न्हाणीघराला कडी लावली, खिडकीतून उजेड येत होता तिथे पाटावर बसले. पहिल्यांदा बघितलं आणि आरसा उलटा ठेवला. लाज वाटली म्हणून नव्हे. काही ओळखीचंच वाटेना. दुसऱ्या कुणाचं तरी घर उघडून बघितल्यासारखं वाटलं. मग पुन्हा आरसा धरला. डाव्या बाजूला एक पांढरट चट्टा होता. बाकीच्या कातडीपेक्षा पातळ, सुरकुतलेल्या कागदासारखा. बटणाएवढा असेल.

त्या दिवसापासून मी रोज बघायला लागले. आम्ही तपासणीवाल्या, लक्ष ठेवायचं म्हटल्यावर आम्हाला कोण शिकवणार! सकाळी कामावर जाण्यापूर्वी, संध्याकाळी परत आल्यावर. कधी सुट्टीच्या दिवशी चार वेळा. बघितलं की क्षणभर बरं वाटायचं. आहे तसाच आहे. अर्ध्या तासानं पुन्हा जीव खालीवर व्हायचा. आता बदलला नसेल ना? भाजी गॅसवर टाकून मी न्हाणीघरात जायचे. हे बाहेरून ओरडायचे, "माझा आरसा कुठे गेला? या घरात आरशाला पाय फुटलेत!" मी म्हणायचे, "मुलांनी घेतला असेल." मोठा मुलगा तेव्हा नोकरीला परगावी होता आणि धाकट्या दोघांना आरशाशी काही देणंघेणं नव्हतं. पण यांनी कधी जास्त चौकशी केली नाही.

असे चार महिने गेले. रोज तोच निकाल: आहे तसाच आहे. अक्का बरोबर होती, असं मी स्वतःला समजावलं. खाज मात्र थांबत नव्हती.

मग एक ताका परत आला.

ताका म्हणजे कापडाचा अख्खा गुंडा, ऐंशी मीटरचा. मी बघून पुढे पाठवलेला. रेडिओ तेव्हा भाचीच्या बाळंतपणाला गेली होती, आणखी दोघी आजारी. घंटा व्हायची, पण सरकायला माणसंच नव्हती. त्यामुळे मी सकाळपासून जेवणापर्यंत एकाच टेबलावर उभी होते.

सुपरवायझरबाई ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मला बोलावलं आणि काचेवर दोन तुकडे शेजारी ठेवले. "हा पहिला मीटर. हा शेवटचा."

पहिल्या मीटरमध्ये एका जागी धागे किंचित विरळ झाले होते. केसाएवढी रेघ. शेवटच्या मीटरमध्ये त्याच जागी बोट जाईल एवढी पट्टी होती; खालचा दिवा तिच्यातून सरळ डोळ्यात येत होता. मधल्या अठ्ठ्याहत्तर मीटरांत ती हळूहळू, अगदी हळूहळू रुंद होत गेली होती. आणि ती सगळी माझ्या नजरेखालून गेली होती. मी झोपले नव्हते, गप्पा मारत नव्हते. मी बघतच होते.

"टेबल बदललं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पुढच्या वेळी माणसं कमी असली तर मला सांगा. मी उभी राहीन." एवढंच बोलून त्या गेल्या.

मी मात्र तिथून हलेना. दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिले. मी ठेवत होते ते लक्ष म्हणजे कालच्या चट्ट्याशी आजचा चट्टा ताडून बघणं. आणि काल तर आजच्यासारखाच होता! पहिला मीटर माझ्याकडे नव्हताच. पहिल्या दिवशी तो बटणाएवढा होता, एवढंच आठवत होतं. पण शर्टाच्या बटणाएवढा की कोटाच्या? मध्याच्या वर होता की खाली? कड सपाट होती का? मी एकशेवीस दिवस रोज बघितलेली ती जागा मला डोळे मिटून आठवेना.

त्या दिवशी घरी जाऊन पुन्हा आरसा धरला. आणि आरशात जे होतं ते मला चांगलंही दिसेना, वाईटही दिसेना. डोळाच मेला होता. दुसरा डोळा हवा होता.

रेडिओ परत आली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं. ती इतकी बडबडी बाई, घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे व्याख्यानात मी विचारलं त्याचं उत्तर मिळालं म्हण. टॉर्च मीच धरायचा."

"तू बघशील?"

"अगं, मी काय काय बघितलंय माझ्या आयुष्यात! माझ्या सासूचा स्वभाव बघितलाय मी."

रविवारी तिच्या घरी गेले. ती नवऱ्याला केस कापायला पिटाळत होती. तो बिचारा म्हणत होता, "मागच्याच आठवड्यात कापले गं," आणि ती म्हणत होती, "मग दाढी करा, मिशी काढा, काहीही काढा, पण तासभर येऊ नका." दार लावलं, पडदा ओढला. मी पलंगावर आडवी झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. ती अजून बोलतच होती. "आता इथे आलीच आहेस तर सांगते, आमच्या वरच्या मजल्यावरची ती आहे ना, तिनं काल काय केलं माहितीय..."

टॉर्चची कळ वाजली. आणि ती बोलायची थांबली.

वाक्य अर्धंच राहिलं. मी वाट बघत होते, वरच्या मजल्यावरच्या बाईनं काय केलं ते ती सांगेल म्हणून. सांगितलंच नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं गोष्ट अर्धी सोडली होती. भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा निघाला होता, मी त्याच्याकडे बघत होते.

"काय आहे?"

"कपडे नीट कर, उठ."

"आधी सांग."

ती पलंगाच्या कडेवर बसली. टॉर्च अजून चालूच होता, तिच्या मांडीवर. "मला काय कळतंय त्यातलं? पण हे टेबलावर आलं असतं ना, तर मी पट्टी दाबून दोरा बांधला असता. बघता क्षणी." मग म्हणाली, "बटण कसलं गं म्हणत होतीस? अर्धी बाजू पांढरी आहे. आणि एका कडेला जाड झालंय, खरखरीत. उद्या रजा टाक. मी येते बरोबर."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी नीट विचारलं. पाळी कधी येते, मधेच रक्त जातं का, जळजळ होते का, नवऱ्याजवळ गेलं की दुखतं का. हा शेवटचा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी "हो" म्हटलं आणि का कोण जाणे, रडायला आलं. मग त्यांनी तपासलं. टेबल थंड होतं, हात ऊबदार होते.

"किती दिवस आहे हे?"

"खाज सहा महिने. चट्टा... मी रोज बघते बाई. मला वाटलं तसाच आहे."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पांढरा चट्टा हा कातडीचा एक आजार आहे, पाळी जाण्याच्या वयात पुष्कळ बायकांना होतो. अस्वच्छतेनं होत नाही, कुणाकडून लागत नाही. त्यावर मलम आहे, नायट्याचं नव्हे, वेगळं. खाज थांबेल. "पण ती जाड कड मला आवडली नाही," त्या म्हणाल्या. "तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. पुष्कळदा काही निघत नाही. कधी निघतं. येताना घरचं कुणीतरी घेऊन या."

घरचं कुणीतरी म्हणजे हे. मला त्या तुकड्यापेक्षा यांना सांगायची जास्त भीती वाटली. संध्याकाळी हे पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"म्हणजे माझा आरसा तू नेत होतीस?"

"हो."

"चार महिने?"

"हो."

यांनी पेपरची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा घातली. "मला वाटलं, मी म्हातारा दिसायला लागलो म्हणून तू लपवतेस," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "दुखतं का?"

तुकडा काढला. पुढे बारा दिवस निकालाची वाट. ते बारा दिवस मी कशी होते ते मुलांनाच विचारा. कपाट लावून काढलं आणि पुन्हा लावलं. दारातून आत आले की बाहेर जावंसं वाटायचं, बाहेर गेले की आत. टाके होते म्हणून बसवत नव्हतं, आणि उभं राहिलं की चालत सुटावंसं वाटायचं. कामावर सुपरवायझरबाईंनी मला टेबलावरून काढून चिठ्ठ्या चिकटवण्याचं काम दिलं, तिथे मी एका गठ्ठ्यावर दोन चिठ्ठ्या लावल्या. रेडिओ मात्र दुप्पट बोलायची. वरच्या मजल्यावरच्या बाईची गोष्ट तिनं मला त्या दिवसांत तीन वेळा सांगितली, दर वेळी शेवट वेगळा.

निकालाच्या दिवशी हे बायकांच्या रांगेत एकटे पुरुष, मांडीवर माझी पिशवी धरून बसले होते. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद वाचायला घेतला, तशी यांना धीर धरवेना. "बाई, तिला काय झालंय ते एकदा सरळ सांगा. मग बाकीचं वाचा."

"कर्करोग नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या कडेच्या पेशी बदलायला लागल्या आहेत. असंच सोडलं असतं तर काही वर्षांनी झाला असता, असं मी म्हणणार नाही. पण होऊ शकला असता. ती कड काढून टाकू. मलम कायमचं. दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं."

हे मोठ्यानं "बरं" म्हणाले आणि उगीचच उभे राहिले.

कड काढली. जखम भरली. मलमानं तीन आठवड्यांत खाज गेली. इतकी गेली की एकदा टेबलावर उभी असताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग कळलं की काही होत नाहीये, तेच चुकल्यासारखं वाटतंय. अक्काला दवाखान्यात न्यायला मला आठ महिने तिच्याशी भांडावं लागलं. तिचा नुसता कोरडेपणा निघाला. परत येताना ती वाटभर मला बोलत होती, उगाच घाबरवलंस म्हणून. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेली ट्यूब तिनं पिशवीत नाही, हातात धरली होती.

अवघड होतं ते वेगळंच. जखम भरल्यावरच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बघायचं, पण महिन्यातून एकदाच. एक तारीख ठरवा. काय दिसलं ते चार ओळींत लिहा, चित्र काढा. पुढच्या महिन्यात त्या कागदाशी ताडून बघा, आठवणीशी नको."

"आणि मधे?"

"मधे काही दुखलं, रक्त आलं, तर लगेच या. नाहीतर मधे नाही बघायचं."

मी पाच तारीख ठरवली. पाळीच्या हिशेबानं ठरवता आली असती, पण तिचाच पत्ता नव्हता. पाचला बघितलं, लिहिलं. सहाला सकाळी पाय आपोआप न्हाणीघराकडे वळले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. हे मागून म्हणाले, "आरसा माझ्याजवळ आहे. हवाय का?" मी म्हटलं, "नको." दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी आत जाऊन कडी लावली, पाच मिनिटं नुसती उभी राहिले आणि बाहेर आले. तिसऱ्या आठवड्यात स्वप्नात चट्टा गुडघ्यापर्यंत आला. तारखा इतक्या सावकाश सरकताना मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पुढच्या पाच तारखेला सकाळीच बघितलं. टाक्यांच्या जागी गुलाबी रेघ होती. बाकी कागदावर होतं तसंच. मी तसं लिहिलं, खाली तारीख घातली. सगळ्याला मिळून चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग हात धुतले आणि बाहेर आले. सुट्टीचा दिवस, उन्हं जेमतेम खिडकीत आलेली, आणि अख्खा दिवस माझ्यासमोर रिकामा पडला होता. पुढचे तीस दिवससुद्धा. त्यांचं काय करायचं ते मला कळेना.

"चला," मी यांना म्हटलं.

"कुठे?"

"कुठेही. बूट घाला. मला घरात बसवत नाही."